उष्टी शिट्टी

तारापूरला वीजकेंद्राच्या पायासाठी खडक फोडणं चाललं होतं. दगड वाहणाऱ्या आनंदाला मुकादमानं सुरुंगाचं काम देऊ केलं. शिट्टी वाजवायची, सगळे पळाले की वाती पेटवायच्या, मग आपण पळायचं. मजुरी दुप्पट. "उद्या सांग," म्हणत त्यानं आधीच्या माणसाची पितळी शिट्टी हातावर ठेवली. झोपडीत बायको हरखली. "घ्या की! किती दिवस दगडं वाहणार?" उष्टी शिट्टी तोंडात कशी घालायची, म्हणून ती राखेनं घासायला बसली. शिट्टी लखलखली, पण तोंडाशी रुतलेल्या दातांच्या खुणा काही जाईनात. "आधीचा मेला का हो?" "नाय. धडधाकट हाय. झोप उडाली म्हणून गावी गेला." तिनं शिट्टी पुढं केली. "वाजवून तर बघा." आनंदानं ती तोंडात धरली. त्याचे दात आपसूक त्या खुणांत बसले. बायकोनं घाबरून शिट्टी ओढली, तर सुटेना.