पुसायचं फडकं

अकराव्यांदा हँडल फिरवूनही मोटार चालू झाली नाही, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भागोजी, आता सदाला बघू दे."

भागोजीने हँडल सोडलं. आठ महिने त्या गाडीला त्याच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. मिठाच्या गोदामात गंजत पडलेली डॉक्टरांची ती चौदा सालची फ्रेंच मोटार त्यानेच बैल जुंपून आपल्या मांडवात आणली होती. होड्यांच्या सुताराकडून त्याने चाकांचे आरे करून घेतले आणि शिडं शिवणाऱ्याकडून टप शिवून घेतला. दुपारी ती पहिल्या फेऱ्यात सुरू व्हायची. पहाटे दव पडलेलं असलं की काही केल्या नाही. आणि डॉक्टरांना ती पहाटेच हवी होती, आडगावच्या बाळंतिणींसाठी. त्यांनी कालच सांगून ठेवलं होतं, जो सकाळी गाडी चालू करील त्याच्याच हाती चाक.

सदा पनवेलची उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा. त्याने खाकी कोट काढून खुंटीला अडकवला, नेमका भागोजीच्या फडक्यावर. आधी प्लग काढून पाहिले. ठिणगी पडत होती, पण अगदीच अशक्त. मग त्याने मॅग्नेटोचं काळं झाकण उघडलं. तिथूनच ठिणगी चारी प्लगांकडे वाटली जाते; झाकणाला ओल धरली की ती वाटेतच जिरते.

ते स्वच्छ आहे, रोज संध्याकाळी पुसतो मी, असं भागोजी म्हणाला.

"दिसतंय की, दादा. लई लाडात ठेवलीय तुम्ही हिला."

डॉक्टर हसले. भागोजीने खुंटीवरचं फडकं काढून पुढे केलं, पण सदाने ते घेतलं नाही. तेलकट असेल म्हणाला. त्याने भागोजीच्या बायकोकडे, ठमाबाईकडे, पाणी मागितलं. गाडीत घालायला म्हणून ती देवळाजवळच्या विहिरीवरून गोड्या पाण्याचा हंडा घेऊन आली होती, अर्धा कोस चालून. त्यातलं तांब्याभर पाणी तिने सदाच्या रुमालावर ओतलं. भागोजी बघत राहिला. ती कसला विचारही न करता ओतत होती.

सदाने झाकण आतून बाहेरून पुसलं आणि वैनींना विचारून चुलीच्या कडेला ठेवलं. ते भाकरीसारखं गरम झाल्यावर परत बसवलं. मग हँडल धरलं आणि एकच फेरा दिला.

मोटार चालू झाली. आपल्या घरातलं माणूस परक्याच्या पहिल्या हाकेला ओ देऊन उठावं, तसं भागोजीला झालं.

"गाडीला हात ओळखू येतो, दादा," सदा म्हणाला. त्यात खोच नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच भागोजीला जास्त लागलं.

उद्यापासून चाकावर सदा बसेल, गाडीही त्याच्याच अंगणात राहील, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मग ते दोघे मागचं चाक बघायला वाकले. ठमाबाईने नवऱ्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि त्याची कड बोटांत चोळली. हे कुठं धुता, असं तिने हळूच विचारलं.

मागच्या विहिरीवर, तो म्हणाला. रोज.

"त्या विहिरीत खाडीचं पाणी येतं," ती म्हणाली. "त्यात धुतलेलं लुगडं दुपारी सुकतं नि पहाटे पुन्हा ओलं होतं. कापडात मीठ राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आमच्या मिठाच्या आगरात हे सगळ्यांना ठावं हाय." मग जरा थांबून म्हणाली, "मला कधी हात लावू दिला असता तुमी तर सांगितलं नसतं व्हय?"

भागोजीने फडक्याकडे पाहिलं. त्याच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. आठ महिने, रोज संध्याकाळी, झाकणाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून तो मीठच फिरवत आला होता.

गाडी अजून चालूच होती. डॉक्टर चार पावलांवर होते. एवढंच सांगायचं होतं, की दोष हाताचा नव्हता, फडक्याचा होता. पण फडकं कुणाचं, हेही मग सांगावं लागलं असतं. आणि ते ऐकून सदा हसला असता, चांगल्या मनानेच.

तो मागच्या विहिरीवर गेला. पोहरा सोडला, फडकं दोनदा खळबळून धुतलं, घट्ट पिळलं आणि चौघडी घातली. परत आला तेव्हा सदा कोट चढवत होता.

"हे ठेव," भागोजी म्हणाला. "रोज संध्याकाळी झाकण पुसत जा, आतून बाहेरून. चुकू नको. आणि धुवायचं ते इथंच आणून धू. गाडीला या फडक्याची सवय हाय."

सदाचे डोळे भरून आले. आठ महिन्यांची मेहनत माणूस अशी हातात ठेवतो, असं त्याला वाटलं असावं. त्याने दोन्ही हातांनी फडकं घेतलं आणि हत्याराला करावा तसा नमस्कार करून कपाळाला लावलं.

कपाळावर ओली रेघ उमटली. एव्हाना ऊन चांगलंच वर आलं होतं. सदा चाकावर बसून भोंगा वाजवून बघेपर्यंत ती रेघ सुकली आणि पांढरी पडली.

ठमाबाईने ती पाहिली. मग तिने हंडा उचलला, नवऱ्याकडे न बघता, आणि उरलेलं गोडं पाणी घेऊन आत गेली.