सत्ती-दुर्री

दोन वाजेपर्यंत पोकरच्या स्पर्धेत टिकलो, तर नोकरीच्या चारच्या मुलाखतीला अंधेरीला जाणार नाही, असं चैतन्यने बायकोशी ठरवलं होतं. तरी सपनाने शर्टला इस्त्री करून तो दाराला अडकवला. लॅपटॉपवर स्पर्धेसकट सहा टेबलं एकाच वेळी चालू होती. दोनला एक मिनिट असताना स्पर्धेबाहेरच्या एका साध्या टेबलावर त्याला दोन एक्के, म्हणजे सगळ्यात भारी पत्ते आले. सगळ्या चिप्स लावायचं बटण तो दाबतोय तोच स्पर्धेचं टेबल पुढे आलं आणि तिथल्या फालतू सत्ती-दुर्रीवर सगळं लागलं. पण समोरच्या तिघांनी घाबरून पत्ते टाकले. इकडे वेळ संपल्याने एक्के बाद झाले. “काय डेरिंग रे तुझी!” मागे उभी सपना म्हणाली. “दोन वाजले. राहू दे मुलाखत.” “चुकून दाबलं गेलं गं.” “मग? त्यांना कुठे कळलं?” सहाही टेबलं बंद करून त्याने शर्ट घातला.