लेकीचं राहिलेलं शिखर

"काका, काकू, बोटं बाहेर काढा! माझीच गोठायला आलीत इथे!" वाटाड्या तंबूबाहेरून ओरडला.

रोज संध्याकाळी तो तंबू-तंबू फिरून प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा. आज वादळच असं सुटलं होतं की तंबूची चेन वीतभर उघडली तरी आत बर्फ भरायचा. त्यामुळे हात तेवढा बाहेर काढायचा, आकडा ऐकायचा आणि मुकाट्याने आत घ्यायचा. आकडा घसरला असेल तर गयावया चालत नसे. हमाल त्या माणसाला पाठीवर घालून तडक खालच्या छावणीत नेत.

बाईने आपला हात बाहेर काढला.

"वा! काकू, तुम्ही डोंगरातच जन्माला यायला हव्या होतात."

"घरचे जिने कमी चढलेय का मी? थांब हं, आता यांचा हात देते."

नवरा झोपायच्या पिशवीत पडून होता. दुपारपासून त्याची छाती खरखरत होती आणि ओठ निळे पडत चालले होते. त्याचा आकडा काय येणार, हे कुणी सांगायला नको होतं.

उद्या पहाटे शिखर. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक बापाबरोबर इथवरच पोचली होती. त्या संध्याकाळी तिचा आकडा उत्तम होता, आणि सकाळी ती उठलीच नाही. कारण शोधताना डॉक्टरांनीही हात टेकले. तिचं राहिलेलं शिखर आपण दोघांनी गाठायचं, असं मग बाईनेच ठरवलं. आयुष्यभर बुकबाइंडिंगच्या दुकानात बसून काम केलेली बाई, दुसऱ्या मजल्यावर धाप लागायची. पण वर्षभर पाठीवर विटांची पिशवी घेऊन टेकड्या चढत राहिली. लोक हसले, मग हसायचे थांबले. छावणीतल्या आचाऱ्याने तर डोळेच पुसले. "असे आईबाप मिळायला भाग्य लागतं," म्हणाला. आणि आता घास अगदी तोंडाशी आल्यावर नशिबाने हा खोडसाळपणा करावा!

बाईने नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं. त्याने तिचा हात घट्ट धरला. काहीतरी बोलायला गेला, पण खोकल्याने शब्द गिळला.

"एवढं चढून आल्यावर तुम्हाला खाली पाठवू देईन होय मी?" ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "सोडा बघू."

तिने घड्याळ आपल्या हातात चढवलं, वर त्याच्या जाकिटाची बाही ओढली. पुठ्ठे कापून कापून तिचे पंजे पुरुषासारखे रुंद झाले होते. तो हात तिने फटीतून बाहेर सरकवला.

बाहेर वाटाड्याने बोटाला चिमटा लावला.

"काकांचाही झकास! अगदी तुमच्याएवढाच. पण खोकल्याचा आवाज येतोय ना?"

"घशाला कोरड पडलीये रे. गरम पाणी देतेय."

"काही वाटलं तर एक हाक मारा. हमाल शेजारीच आहेत. मिनिटात उचलून नेऊ."

"लागलं तर मारते. जा, तू आधी तंबूत स्टोव्हपाशी बस."

त्याची पावलं वाऱ्यात विरून गेली. तिने चेन ओढली, घड्याळ पुन्हा नवऱ्याच्या मनगटावर बांधलं आणि त्याचं डोकं नीट उशीवर ठेवलं.

"मला... खाली ने," तो कसाबसा म्हणाला. डोळे भीतीने विस्फारले होते. "श्वास... हाक मार त्यांना. पाया पडतो तुझ्या."

बाई त्याच्या उशाशी मांडी घालून बसली.

"तीही हेच म्हणत होती ना, अहो? गेल्या वर्षी तापात बरळलात तुम्ही, शिखर हुकू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतःचं बोट बाहेर काढलंत ते."