गौतमीचे अंगठे

कपडे पिळायला मशीन गरगरू लागलं, तशी गौतमी स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्याच्यासमोर उभी राहून दोन्ही हात जोरजोरात झटकू लागली. लगेच तिच्या मनगटावरची पट्टी हिरवी झाली, औषध अंगात उतरलं आणि हात खाली आले. ती गुमान जाऊन पलंगावर बसली.

"कशी शांत झाली हो पोर!" शेजारच्या सुलभाताई कौतुकाने म्हणाल्या.

वसंतराव मात्र लेकीच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. स्वमग्नतेच्या जोडीला तिला भीतीचे झटकेही येत. ही पट्टी त्या झटक्यांसाठी आणली होती; हात झटकले गेले की भीती समजून ती आपोआप औषध सोडे.

"गौतू, घाबरली होतीस?"

"नाही बाबा. मशीन आवडतं मला. घाबरले की अंगठे मुठीत जातात. आत्ता बाहेर होते. पट्टीला अंगठे दिसत नाहीत."

इतकी वर्षं ते वसंतरावांनाही दिसले नव्हते. त्यांनी पट्टी सोडवून खिशात टाकली.

"अंगठे आत गेले की बांधीन. लक्ष ठेवतो मी," ते म्हणाले. मग पिळून थांबलेल्या मशीनकडे बघून ते शेजारणीकडे वळले, "सुलभाताई, तुमचं काही धुणं असलं तर आणा की! मशीन पुन्हा लावू."