आज्याचा गुडघा

डुकराला बाण लागला. पण तसं काही घडलेलंच नाही, कारण रानडुक्कर मारायला बंदी आहे आणि आमचं घर कायदा पाळतं. जे घडलं नाही, ते असं.

डुक्कर रोज आमची रताळी उकरत होतं. मी बाण काढले, तर त्यांची मागची पिसं उंदरांनी खाल्लेली. पिसांशिवाय बाण सरळ जात नाही. मी कोंबड्याकडे नुसतं पाहिलं.

"हात लावून तर बघ," काकू म्हणाली. "तुझीच पिसं काढते."

मग प्लॅस्टिकची पिशवी कापून लावली, ती वाकली. पुठ्ठा लावला, तो दवाने भिजला. शेवटी आढ्याला खोचलेला जुना एक्स-रे सापडला. हलका, कडक, पाण्याला न भिणारा. त्याची तीन पाती कापून चिकटवली. बाण इतका सरळ गेला, की डुक्कर तो ढुंगणात घेऊन नदीपार पळालं.

संध्याकाळी आजा आढं चाचपायला लागला. गुडघ्याच्या ऑपरेशनला कधी नव्हे तो त्याचा नंबर लागला होता, उद्या सकाळी. "जुना फोटो नसेल तर परत पाठवतील म्हणे."

"आजा, तुझा गुडघा डुकराकडे आहे."

आज्याने आढ्यावरचा हात खाली घेतला. "लंगडत होतं का?"

"नाही. सुसाट गेलं."

"माझा गुडघा घेऊन?" आज्याने हेव्याने विचारलं.

तरी संबंधित डुकराने, असल्यास, एक्स-रेसह उद्या सकाळी नऊ वाजता तालुक्याच्या दवाखान्यात हजर राहावे, ही नम्र विनंती. रताळ्यांबाबत कोणतीही विचारणा केली जाणार नाही.