हात पुढे आला की

चेंडू हातात आला होता. अगदी पोटाशी आला होता. तरी निसटला, आणि समोरच्या संघातल्या एकाने तो नुसता पायाने ढकलून जाळ्यात घातला. कोचने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

गोलकीपर काही ऐरागैरा नव्हता. हवेत असा सूर मारायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. गेल्या वर्षी सगळे त्याला ‘डिंक’ म्हणायचे, हाताला लागलं की चिकटलंच! यंदा काय बिनसलं कोण जाणे. अवघड चेंडू अडवायचा आणि हातात आलेला सोपा चेंडू सांडायचा. आता पोरं त्याला ‘गळका’ म्हणायची, आणि तेही तोंडावर.

“सर, सेमीफायनल तोंडावर आलीय,” कॅप्टन कपडे बदलायच्या खोलीत कोचला हळूच म्हणाला. “त्याला बसवा, नाहीतर निदान त्याच्याशी बोला तरी. त्याची आई आजारी पडल्यापासून हे सुरू झालंय.”

“घरचं घरी,” कोच म्हणाला. “हातांची सवय मोडलीय. ती हातांनाच लावायची.”

कोच कडक होता, पण दुष्ट मुळीच नव्हता. असे हात त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. आज याला बसवलं तर सांडणारा गोलकीपर म्हणून नाव होणार, मग दुसरं कोण दारात उभं करणार? ज्या खेळापायी पोराने शाळा सोडली, तो खेळच संपायचा. कोचच्या जिवाला हेच लागलं होतं. म्हणून तर त्याने तो उपाय काढला. खोलीच्या मधोमध सगळ्यांसमोर उभं राहून त्याने गोलकीपरच्या छातीवर एक नवाकोरा चेंडू दाबला.

“आजपासून हा तुझ्याजवळ. जेवताना, चालताना, झोपताना. खाली ठेवलास की तूही घरी बस. आणि तुम्ही सगळे, ऐका! हा दिसेल तिथे याच्या हातातून चेंडू पाडायचा. रस्त्यात, दुकानात, याच्या दारात, कुठेही. जो पाडेल त्याला त्या दिवशी पळणं माफ.” मग तो पुन्हा गोलकीपरकडे वळला. “हात पुढे आला रे आला, की चेंडू छातीशी, कोपरं बाहेर आणि पाठ फिरवायची. हात कुणाचा ते बघायचं नाही. बघत बसलास की गेला!”

“सर, घरी तरी नको ना,” गोलकीपर चाचरत म्हणाला. “सकाळी आईला जिना उतरवून फिरायला न्यावं लागतं. तिची एक बाजू लुळी पडलीय.”

“मग एका काखेत चेंडू आणि दुसऱ्या हाताला आई! देवाने दोन हात कशाला दिलेत?”

सगळे खो खो हसले. गोलकीपरही कसंनुसं हसला.

पहिले काही दिवस नुसती धमाल चालली. न्हाव्याच्या खुर्चीत चेंडू पडला, किराण्याच्या दुकानात पडला, बसमधून उतरताना पडला आणि थेट गटारात गेला. गोलकीपर तो धुवून पुसून पुन्हा काखेत मारायचा. मग हळूहळू तो पडेनासा झाला. एकदा कॅप्टनने त्याला पाणी द्यायला बाटली पुढे केली, तर हा गर्रकन वळला, कोपरं बाहेर, पाठ कॅप्टनकडे! पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. कोच मात्र हसला नाही. त्याच्या जिवात जीव आला होता.

सेमीफायनलमध्ये गोलकीपरच्या हातून एक चेंडू निसटला असेल तर शपथ. “डिंक! डिंक!” पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्या संध्याकाळी कोच शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनचा फोन आला. गोलकीपरची आई जिन्यावरून पडली होती. कोच पायात सापडल्या त्या चपला घालून दवाखान्यात धावला.

व्हरांड्यात गोलकीपरची शेजारीण येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत होती. “मी माझ्या दारातच उभी होते हो! चप्पल सरळ करायला बाईंनी याचा दंड सोडला आणि तोल गेला. धरायला त्यांनी याच्याकडे हात टाकला, अन् या मेल्याने काय करावं? पाठ फिरवली! पोटच्या पोराने पाठ फिरवली हो! गेल्या बिचाऱ्या. डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच गेल्या.”

लोक ऐकत होते आणि कोपऱ्याकडे बघत होते. कुणी थुंकल्यासारखं तोंड केलं. तिचं बोलणं तोडावं, या सगळ्यांना ओरडून सांगावं, असं कोचला फार वाटलं. पण तो तसाच गर्दीतून वाट काढत कोपऱ्याकडे गेला.

गोलकीपर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. डोळे कोरडे ठक्क. शर्टाची बाही फाटलेली. दोन्ही हातांत चेंडू.

“दे बाळा, दे तो इकडे,” कोच कसाबसा म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

गोलकीपर गर्रकन वळला. चेंडू छातीशी, कोपरं बाहेर, पाठ कोचकडे. कुठे काही चुकलं नव्हतं.

भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, “हात कुणाचा ते मी बघितलंच नाही, सर.”