दुसऱ्या टेकचं डोकं

डोकं हवं तसं जळलं नाही. आधी हनुवटी ओघळली, मग गाल, आणि कुणाला रडू यायच्या आत नाकच गळून पडलं.

"मेकअपदादा, आणखी एक काढा," दिग्दर्शक म्हणाला. "तासाभरात."

सिनेमातली पोरगी यंत्र होती. मला दुखतं, असं ती कोर्टात सांगते. कोर्टाला पटत नाही. तिला जाळतात. तिला खरंच दुखत असेल का, यावर दिग्दर्शक आणि सल्ल्याला बोलावलेले विज्ञानाचे प्राध्यापक सकाळपासून चहा ढोसत वाद घालत होते. जाळायचं, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

"रबर आहे हो ते," प्राध्यापकांनी मेकअपदादाला समजावलं. "आत कोणी नाही."

"मला सांगता? मीच ओतलंय."

चेहरा त्याच्या लेकीचा होता. एकोणीस वर्षांची असताना तिनं हौसेनं चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा काढू दिला होता, आणि त्याच वर्षी ती गेली. पोर निदान पडद्यावर तरी दिसेल, म्हणून त्यानं तो चेहरा सिनेमाला दिला. सिनेमाचा शेवट त्याला कुणी सांगितला नव्हता.

मेकअपच्या खोलीत त्याची बायको केसांचा टोप विंचरत होती. डोक्याला केस तीच लावायची.

"अजून किती वेळा जाळणार?"

"जमेपर्यंत."

"मग द्या की जमवून. तेवढंच येतं तुम्हाला."

त्यानं साच्यात नवं रबर ओतलं. रबर घट्ट झाल्यावर त्यानं साच्याचे पट्टे सोडले, डोकं उचलून उजेडात धरलं, आणि तसाच उभा राहिला.

बायको उठून आली. कपाळावरचा व्रण तोच होता. पण गालांचं बाळसं उतरलं होतं आणि डोळ्यांखाली बारीक रेघ आली होती. त्यानं साच्यात बोट फिरवून पाहिलं. एकदा, परत एकदा. तिथे रेघ नव्हती. प्लॅस्टर गुळगुळीत होतं.

"यंदा पंचविसावं लागलं असतं हिला," बायको म्हणाली.

बाहेरून हाक आली. "दादा, डोकं कुठाय? आग तयार आहे."

"साचा फुटला म्हणून सांगा," ती त्याला म्हणाली.

बायकोनं कोपऱ्यातली हातोडी आणून त्याच्या हातात दिली. एकच साचा होता. पहिल्या घावाला तो फुटला नाही, दुसऱ्याला फुटला.

चुरा उडायला लागला तशी तिनं डोकं पोटाशी घेतलं आणि शालीत गुंडाळलं. नाक तेवढं मोकळं ठेवलं.